यादीत नसलेलं एकलहरे

मनमाडकडून येणाऱ्या गाडीत नाशिकरोड जवळ आल्याची खूण म्हणजे एकलहऱ्याच्या चिमण्या. त्या दिसल्या की डब्यातली माणसं वरच्या फळीवरच्या पिशव्या उतरवायला लागतात. नाशिककर या केंद्राला नुसतं ‘थर्मल’ म्हणतात. १९७०च्या सुमारास इथे १४० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले, १९७९ ते १९८१ या काळात २१०चे तीन आले. जुने दोन केव्हाच मोडीत निघाले. आता तिघांवर, म्हणजे ६३० मेगावॉटवर, कारभार आहे. विदर्भातल्या खाणींचा कोळसा वाघिणींतून येतो, पाणी गोदावरीचं, राखेची कुरबुर कायमची, आणि ६६० मेगावॉटचा नवा संच येणार की नाही ही चर्चा चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं तशीच उकळते आहे.

युद्धाच्या कायद्याचा आढावा जिनिव्हा किंवा हेगपासून सुरू करायची रीत आहे. मी एकलहऱ्यापासून करतो, कारण इथे प्रश्न सरळ विचारता येतो. उद्या युद्ध पेटलं आणि शत्रूने हे केंद्र उडवलं, तर तो गुन्हा होईल का? गावात दहा जणांना विचारा, दहाही जण म्हणतील, म्हणजे काय, होणारच. आत कामगार, बाहेर वसाहत, पलीकडे द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी. हाच प्रश्न या कायद्याच्या अभ्यासकाला विचारा. तो जरा थांबेल आणि म्हणेल, ‘सांगता येत नाही. बहुतेक नाही.’

त्याचं उत्तर निर्दयपणाचं नाही, कायद्याच्या बांधणीतून आलेलं आहे. हा कायदा तीन-चार साध्या गोष्टींवर उभा आहे. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करा. लष्करी उपयोगाची वस्तू आणि नागरी वस्तू यांत भेद करा. लष्करी लक्ष्यावर मारा करताना आजूबाजूच्या सामान्य माणसांचं होणारं नुकसान मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने बेसुमार असता कामा नये. आणि मारा करण्याआधी शक्य ती खबरदारी घ्या. सगळी गोम ‘वस्तू’ या शब्दात आहे. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ५२व्या कलमाप्रमाणे, जी वस्तू तिच्या स्वरूपामुळे, जागेमुळे, हेतूमुळे किंवा वापरामुळे लष्करी कारवाईला खरा हातभार लावते आणि जी नष्ट केल्याने त्या वेळी निश्चित लष्करी फायदा होतो, ती लष्करी लक्ष्य. बाकी सगळं नागरी.

आता एकलहऱ्याच्या शेजारी काय आहे ते पाहा. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना. नाशिकरोडला नोटांचा आणि सरकारी मुद्रांकांचा छापखाना. शिवाय सातपूर-अंबडचे कारखाने आणि मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग. एकलहऱ्यात तयार झालेली वीज ग्रिडमध्ये गेली की तिच्यावर नाव राहत नाही. एखादा युनिट ओझरला जातो, एखादा जेल रोडवरच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, जिथे दम्याच्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन भिंतीतल्या प्लगला लावलेलं असतं. मशीन बंद पडलं की घरचे सिलिंडर शोधायला धावतात. लिफ्ट बंद असते. सोसायटीची मोटर बंद, म्हणून वरची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी. दुसऱ्या दिवशी पालिकेच्या पंपिंगचंही तेच. हल्ला झाला लष्करी लक्ष्यावर आणि कागदोपत्री मेला कोणीच नाही. आजी तीन दिवसांनी गेल्या, ती नोंद दम्याची.

नागरिकाला हात लावायचा नाही, हे कायदा ठासून सांगतो. नागरिक ज्याच्या आधाराने जगतो त्या गोष्टींशी पोचल्यावर त्याचा आवाज बारीक होतो. आपल्याकडे एक जुना कागद आहे, जो नेमका उलट्या टोकाने सुरू होतो.

१६७०च्या दशकात शिवाजी महाराजांच्या घोडदळाचा मुक्काम पावसाळ्यासाठी चिपळूणच्या बाजूला होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. त्यात शौर्याची गोष्ट एकही नाही. विषय आहे गवत. साठवलेला दाणा-वैरण आताच वाटेल तशी उधळलीत तर भर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी कुणब्याचं धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटी, कोणी भाजीपाला. घरं धरून कसेबसे राहिलेले कुणबी निघून जातील, काही उपाशी मरतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. पुढचा तपशील तर वेड लावणारा. गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, कारण उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवत पेटेल, पागा जळेल. आणि मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक काडी परत येणार नाही.

या पत्राला युद्धाच्या कायद्याचा आद्य ग्रंथ वगैरे म्हणून मिरवण्याची मला हौस नाही. तो एका सावध राजाचा प्रशासकीय हुकूम आहे. पण त्यातली विचाराची दिशा बघण्यासारखी आहे. रयतेला मारू नका, एवढं सांगून तो थांबत नाही. वैरण संपली की पुढे काय होईल, त्याने काय होईल, अशी साखळी तो शेवटच्या कडीपर्यंत, म्हणजे परागंदा झालेल्या कुणब्यापर्यंत, नेतो. आजच्या तज्ज्ञांच्या भाषेत ज्याला हल्ल्याचे लांबचे परिणाम म्हणतात आणि ज्याबद्दल परिषदा भरतात, तो विचार इथे उंदराच्या तोंडातल्या वातीत बसवलेला आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असं बजावलंय. झाड लावल्यावर ते मोठं व्हायला किती काळ जातो, याची जाण त्यामागे आहे.

अर्थात त्याच मातीतल्या घोडदळाने पुढे बंगालमध्ये काय केलं, तेही इथेच सांगायला हवं. १७४२पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकर आणि इतरांच्या हाताखाली बंगाल-ओरिसात चौथाईसाठी शिरत राहिल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या काळात रचलेल्या काव्याचं नावच ‘महाराष्ट्र पुराण’, आणि त्यात गावं जाळल्याची, बायकांवर हात टाकल्याची वर्णनं आहेत. तिथल्या आया अजून मुलांना झोपवताना बर्गी, म्हणजे हेच मराठा घोडेस्वार, आल्याची भीती घालतात. चिपळूणचं पत्र आणि बंगालचा बर्गी, दोन्ही आपलेच. एक अभिमानाने सांगायचा आणि दुसरा विसरायचा, हे जमणार नाही.

आणि पानिपत. तिथे आपण दुसऱ्या बाजूला होतो. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, व्यापारी, बायका-मुलं, नोकरचाकर असा मोठा जमाव होता. मराठीत त्याला एकच शब्द, बुणगे. अब्दालीने रसद तोडली. छावणी आठवड्यांमागून आठवडे उपाशी राहिली, आणि १४ जानेवारी १७६१ला सैन्य बाहेर पडलं ते बरंचसं भुकेपोटी. नंतरच्या कत्तलीत आणि गुलामगिरीत बुणग्यांचं काय झालं, त्याच्या आठवणी महाराष्ट्रात घराघरांत आहेत. त्या काळच्या कोणत्याही नियमाने रसद तोडणं वावगं नव्हतं. शंभर वर्षांनी, १८६३मध्ये, अमेरिकेत लिंकनच्या सरकारने काढलेली लीबर संहिता, जी या कायद्याचा पहिला आधुनिक मसुदा मानली जाते, तीसुद्धा शत्रूपक्षाला, सशस्त्र असो वा निःशस्त्र, उपाशी मारणं कायदेशीर आहे असंच म्हणते. नागरिकांना उपाशी ठेवणं हे लढण्याचं साधन म्हणून वापरता येणार नाही, हे कागदावर यायला १९७७ उजाडावं लागलं. पानिपतानंतर २१६ वर्षं.

मधली वाटचाल थोडक्यात. १८५९मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर विव्हळणारे जखमी हेन्री ड्युनांने पाहिले, त्यातून रेडक्रॉस आणि १८६४चा पहिला जिनिव्हा करार. १८९९ आणि १९०७च्या हेग परिषदांत शस्त्रांवर आणि लढण्याच्या रीतींवर बंधनं. मग गेर्निका, लंडन, ड्रेस्डेन, टोकियो, हिरोशिमा. म्हणजे शहरंच लक्ष्य. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ला चार जिनिव्हा करार झाले आणि त्यांतला चौथा पहिल्यांदाच पूर्णपणे नागरिकांसाठी होता. तोही मुख्यतः शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकांचा विचार करतो. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बबद्दल फारसं बोलत नाही. ज्या राष्ट्रांनी तो लिहिला त्यांच्यापैकी काहींनी चार-पाच वर्षांपूर्वीच शहरं जाळलेली होती, हे लक्षात घेतलं की ते मौन समजतं. बॉम्बहल्ल्याचे नियम १९७७च्या प्रोटोकॉलात आले.

त्या प्रोटोकॉलचं ५४वं कलम मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला चिपळूणचे कारकून आठवतात. लोकांना जगायला अत्यावश्यक असलेल्या वस्तू नष्ट करू नका, असं म्हणून ते उदाहरणं देतं: अन्नधान्य, शेतजमीन, उभं पीक, गुरं, पिण्याच्या पाण्याच्या सोयी, सिंचनाची कामं. यादी नमुन्यादाखल आहे, तीत भर घालायला वाव आहे. पण ती शेतकऱ्याच्या जगातली आहे. वीज तीत नाही. १९७७मध्ये आपल्याकडेही अनेक गावांत कंदीलच होते, तेव्हा ते समजू शकतं. आज शेतातल्या विहिरीचं पाणी वर यायचं तर वीज लागते, आणि रात्री किती वाजता येते त्यावर शेतकऱ्याची झोप ठरते. विहीर संरक्षित आहे. तिच्यावरच्या मोटरीपर्यंत येणारी तार संरक्षित आहे का, यावर वकील भांडतात.

ते कसे भांडतात हे पाहायचं तर इराक, सर्बिया, इरिट्रिया आणि युक्रेन अशी चार ठिकाणं बघावी लागतात.

१९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या आघाडीने इराकची वीज पहिल्या काही दिवसांतच पाडली. आखणी करणाऱ्यांच्या मनात स्वीचयार्ड आणि ट्रान्सफॉर्मर होते, म्हणजे अंधार होईल पण युद्धानंतर लवकर दुरुस्ती होईल. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बॉम्ब टर्बाइन आणि जनरेटरच्या इमारतींवर पडले. हा फरक बाहेरच्या माणसाला बारीक वाटेल. एकलहऱ्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. स्वीचयार्डमधला ब्रेकर गेला तर दुसरीकडून आणून बसवता येतो. टर्बाइनचा रोटर वाकला तर तो काढायला क्रेन, न्यायला वेगळी गाडी, दुरुस्त करायला मोजके कारखाने; वर्ष गेलं असं समजा. इराकमध्ये वीज गेली, तिच्यामागोमाग पाणी शुद्ध करणारी केंद्रं आणि मैलापाण्याचे पंप गेले, आणि मग जुलाब, टायफॉइड, कॉलरा. युद्ध संपल्यावर मुलं मरत राहिली. पायलटने त्यांना पाहिलंही नव्हतं.

बहुधा त्यातूनच शिकून १९९९च्या मे महिन्यात नाटोने सर्बियावर वेगळा बॉम्ब टाकला. तो फुटला की कार्बनचे अतिशय बारीक धागे तारांवर पसरायचे आणि शॉर्ट सर्किट व्हायचं. एका रात्रीत देशाच्या सुमारे ७० टक्के भागात अंधार. इमारत उभी, माणूस जिवंत, धागे झटकले की दिवे परत. नाटोच्या प्रवक्त्याने तेव्हा असं सांगितलं की युगोस्लाव्हियाच्या दिव्याच्या बटणावर आता आमचं बोट आहे. मला हे वाक्य बॉम्बपेक्षा जास्त खटकतं. लष्करी तळाची वीज तोडायची होती, की लोकांना अंधारात बसवून त्यांच्या सरकारवर दाब आणायचा होता? पहिलं कायद्यात बसू शकतं. दुसरं बसत नाही, कारण लोकांचं मनोधैर्य खच्ची करणं हा ‘लष्करी फायदा’ नव्हे. तीन आठवड्यांनी तर साधे, तोडणारे बॉम्बच पडले.

तिसरं ठिकाण आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, आणि एकलहऱ्याला सगळ्यात जवळचं तेच. इरिट्रियात मासावा बंदराजवळ हिरगिगो इथे नवं वीज केंद्र जवळजवळ पूर्ण होत आलं होतं, चाचण्या चालू होत्या. २८ मे २०००ला इथिओपियाच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. युद्धानंतर दोन्ही देशांनी नेमलेल्या लवाद आयोगापुढे हा दावा गेला आणि डिसेंबर २००५मध्ये निकाल आला: केंद्र कायदेशीर लष्करी लक्ष्य होतं. दळणवळण, वाहतूक, उद्योग या युद्धकाळच्या गरजा भागवायला देशाला वीज लागते, म्हणून वीज केंद्रं सहसा लष्करी लक्ष्यांतच मोडतात, असं आयोगाने म्हटलं. शिवाय मासावात बंदर आणि नौदलाचा तळ होता. आयोगाचे अध्यक्ष हान्स व्हान हाउटे यांनी मात्र बहुमताच्या विरोधात मत नोंदवलं. केंद्राने तोवर ग्राहकाला विजेचा एकही युनिट दिलेला नव्हता. मासावाच्या जागी देवळाली-ओझर ठेवून हा निकाल वाचला, तर अभ्यासकाचं ‘बहुतेक नाही’ कुठून आलं ते कळतं.

चौथं ठिकाण युक्रेन. १० ऑक्टोबर २०२२पासून रशियाने हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या वीजव्यवस्थेवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचा मारा सुरू केला. एप्रिल २०२४मध्ये कीवजवळचं ट्रिपिल्स्का हे औष्णिक केंद्र पार उद्ध्वस्त झालं. उणे तापमानात वीज गेली की घराची ऊबही जाते. आणि इथे कायदा थोडा हलला. ५ मार्च २०२४ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सर्गेई कोबिलाश आणि व्हिक्टर सोकोलोव या दोन सेनाधिकाऱ्यांवर, आणि जूनमध्ये रशियाचे माजी संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू आणि लष्करप्रमुख व्हालेरी गेरासिमोव यांच्यावर, विजेच्या सोयींवरच्या हल्ल्यांबद्दलच अटकेचे हुकूम काढले. न्यायाधीशांचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. यांतली काही केंद्रं लष्करी लक्ष्य ठरत असली तरी नागरिकांचं अपेक्षित नुकसान उघडउघड बेसुमार होतं, असं ते म्हणतात. म्हणजे हिरगिगोच्या निकालाची दिशा त्यांनी उलटवली नाही, पण प्रमाणाचा तराजू पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे विजेच्या बाबतीत वापरला. चौघांपैकी कोणी न्यायालयापुढे आलेला नाही, ही गोष्ट निराळी.

गाझात तर बॉम्बचीही गरज पडली नाही. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली आणि ओलीस नेले; तो स्वतःच सरळसरळ युद्धगुन्हा होता. दोन दिवसांनी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी वीज, अन्न, इंधन सगळं बंद करण्याचं जाहीर केलं. ११ तारखेला तिथलं एकमेव वीज केंद्र डिझेल संपून थांबलं. नोव्हेंबर २०२४मध्ये याच न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान आणि त्या माजी संरक्षणमंत्र्यांवर हुकूम काढले, त्यांतला एक आरोप उपासमारीचा होता. हमासच्या लष्करप्रमुखावरही हुकूम निघाला. रसद तोडणं, १७६१.

धरणांची गोष्ट वेगळी, आणि नाशिकला ती लगेच पटावी. धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं या तिघांना १९७७च्या ५६व्या कलमाने खास कवच दिलंय: ती लष्करी लक्ष्य असली तरी, आतली शक्ती मोकळी होऊन लोकांची मोठी हानी होणार असेल तर त्यांवर हल्ला नाही. धरण फुटणं म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही; १२ जुलै १९६१चं पानशेत पुण्यात अजून पावसाळ्यात आठवतं. ६ जून २०२३ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं तेव्हा टीव्हीवर ती दृश्यं पाहून कित्येक पुणेकरांनी तोच शब्द उच्चारला असेल. तेव्हा कागदावर तरी असं आहे: नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूरचं मातीचं धरण संरक्षित, खालच्या अंगाला एकलहऱ्याचं केंद्र नाही. कारण तिथे कोळसा जळतो, युरेनियम नाही.

‘कागदावर तरी’ म्हटलं, कारण तो कागद भारताने स्वीकारलेलाच नाही. १९४९चे चारही करार आपण १९५०मध्ये मान्य केले, १९६०मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. तो चालवायचा तर तक्रार सरकारनेच किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने करायची, अशी त्यात तरतूद आहे. सामान्य माणूस उठून कोर्टात जाऊ शकत नाही. १९७७चे प्रोटोकॉल मात्र आपण मान्य केलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचेही सदस्य नाही, भूसुरुंगबंदीच्या करारातही नाही. यातले बरेच नियम प्रथेने सगळ्यांनाच लागू होतात असं रेडक्रॉस मानतं. तरीही ज्या देशाच्या राज्यघटनेचं ५१वं कलम आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवा असं सांगतं, त्याने या बाबतीत इतकं अंग चोरावं हे मला पटलेलं नाही. प्रोटोकॉल नाकारण्यामागचं मोठं कारण म्हणजे देशांतर्गत संघर्षाला हे नियम लावायचे नाहीत.

तो देशांतर्गत संघर्ष म्हणजे महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गडचिरोली. सरकारच्या लेखी तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, सशस्त्र संघर्ष नव्हे. नाव काही द्या, मरणारा तोच. नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून आदिवासी मारायचे, आणि पोलिसांनी नक्षल्यांना भाकरी दिली म्हणून त्याच गावाकडे संशयाने पाहायचं. रात्री बंदूक घेऊन दारात आलेल्याला भाकरी नाकारायची कशी, याचं उत्तर कोणत्याच संहितेत नाही. १ मे २०१९ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहनं आणि यंत्रं जाळली. त्याच दिवशी तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी सुरुंगाने उडवली. पंधरा पोलीस गेले, आणि गाडीचा चालक. गाडी खासगी होती आणि चालक पोलीस नव्हता. त्या सोळाव्या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं यावर कायद्याची पुस्तकं पानंच्या पानं लिहितील. बातमीत तो ‘आणि’ नंतर आला.

नागरिक कधी लढणारा होतो, या प्रश्नाला आपल्याकडचं एक उजळ उदाहरणही आहे. डिसेंबर १९७१मध्ये पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी वारंवार फोडली. तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. मजूर मिळेनात, तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायका कामाला आल्या आणि त्यांनी तीन दिवसांत धावपट्टी उभी केली. वरून दिसू नये म्हणून ती शेणाने सारवली. भोंगा वाजला की बाया झुडपांत पळायच्या. धावपट्टी हे शंभर टक्के लष्करी लक्ष्य. कायद्याच्या बहुतेक भाष्यकारांच्या मते त्या बाया नागरिकच राहिल्या, पण तिथे उभं राहण्याचा धोका त्यांचा त्यांनी पत्करला. शौर्याच्या कथेत हे दुसरं वाक्य गळतं. कर्णिकांना ते ठाऊक असणार, म्हणूनच भोंग्याची आणि पळायची व्यवस्था आधी केलेली.

कायदा जिथे गप्प बसतो तिथे हुकूम मोडणारा माणूस लागतो. डिसेंबर १९६१मध्ये गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा याला सालाझारचा संदेश आला होता की शरणागती नाही. एक तर जिंका, नाही तर मरा. भारतीय फौज शिरल्यावर त्याने हिशेब केला. त्याचे तीन-साडेतीन हजार सैनिक फार तर काही दिवस टिकले असते, आणि त्या दिवसांत पणजी, मडगाव, वास्को यांची राख झाली असती. १९ डिसेंबरला त्याने शरणागतीवर सही केली. मायदेशी त्याला लष्करातून काढून टाकलं. हुद्दा परत मिळाला तो १९७४ला पोर्तुगालमधली हुकूमशाही गेल्यावर. आपण मुक्तीचा इतिहास सांगताना या माणसाला दोन ओळी देत नाही. वसाहतवाला होता म्हणून असेल. पण ती घरं त्याने वाचवली हेही खरं.

२०२५चा मे आपल्या सगळ्यांच्या आठवणीत ताजा आहे. २२ एप्रिलला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले, सुट्टीवर गेलेले. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू पाणी करार स्थगित केला. १९६५ आणि १९७१च्या युद्धांतही तो चालू राहिला होता. ७ मेच्या पहाटे भारताने पाकिस्तानातल्या आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या ठिकाणांवर हल्ले केले आणि लष्करी ठाणी मुद्दाम टाळल्याचं सांगितलं. पाकिस्तानने नागरिक मेल्याचा दावा केला. पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफांनी सामान्य माणसं मेली, याबद्दल तर वादच नाही. त्या गदारोळात एक छोटी बातमी विरून गेली. नीलम-झेलम जलविद्युत प्रकल्पाच्या नौसेरी इथल्या बांधकामावर भारताने मारा केला असा आरोप पाकिस्तानने केला. भारताच्या परराष्ट्र सचिवांनी तो साफ खोटा ठरवला, आणि असं निमित्त काढून आमच्या तशा प्रकल्पांवर हात टाकलात तर परिणामांची जबाबदारी तुमची, असं बजावलं. दोन अण्वस्त्रधारी शत्रू, ऐन लढाईत, एका जलविद्युत प्रकल्पाबद्दल एकमेकांना सांगत होते की ही रेघ ओलांडायची नसते. दोघांपैकी कोणावरही ५६वं कलम बंधनकारक नव्हतं.

अशी रेघ हे दोन देश कागदावरही ओढू शकतात, कारण एकदा ओढली आहे. ३१ डिसेंबर १९८८ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तो १९९१मध्ये अमलात आला, आणि १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही सरकारं आपापल्या अणुकेंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, यादी दिली गेली. या करारात ‘अणु’ या शब्दाच्या शेजारी धरणं आणि वीज केंद्रं जोडायला नवी परिषद लागत नाही, जिनिव्हाला जावं लागत नाही, पैसा तर लागतच नाही. लष्करी वकील म्हणतील की वीज केंद्र हा युद्धातला रास्त घाव आहे, हात का बांधून घ्यायचे. खरं आहे, आपलेही बांधले जातील. पण आपली ग्रिड त्यांच्यापेक्षा मोठी, म्हणजे गमवायला आपल्याकडेच जास्त.

२०२५च्या त्याच ७ मेला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे कुठे वाजवायचे याची केंद्राची यादी होती, महाराष्ट्रातली १६ ठिकाणं तीन वर्गांत. पहिल्या वर्गात मुंबई, उरण, तारापूर. दुसऱ्यात ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड, सिन्नर आणि आणखी काही. अणुकेंद्राचं तारापूर दोन्ही याद्यांत बसतं: भोंग्याच्या यादीतही, आणि १ जानेवारीला पाकिस्तानला द्यायच्या यादीच्या व्याख्येतही. नाशिक फक्त भोंग्याच्या यादीत आहे.